नळातील खळबळ आणि लेसरची मोजपट्टी

एकलहरे म्हटले की नाशिककरांच्या डोळ्यांसमोर उभी राहतात ती औष्णिक वीज केंद्राची उंच धुरांडी आणि वाफेचे लोट सोडणारे शीतकरण मनोरे. परंतु या केंद्राचा खरा पसारा आहे तो नळांचा. गोदावरीचे पाणी, बॉयलरकडे जाणारी कोळशाची पूड, टर्बाइनकडे धावणारी वाफ, राख वाहून नेणारे पाणी, सारे काही नळांतूनच वाहते. या धाटणीच्या जुन्या कोळसाकेंद्रांत निर्माण झालेल्या विजेपैकी साधारण आठ ते दहा टक्के वीज केंद्र स्वतःच वापरते आणि तिचे मोठे ग्राहक असतात पंप व पंखे. पाणी आणि हवा पुढे ढकलताना ही वीज खर्ची पडते. त्या खर्चाचा एक मोठा वाटा वसूल करते ती नळाच्या पोटात चाललेली, बाहेरून न दिसणारी खळबळ. शास्त्रज्ञ तिला संक्षोभ किंवा टर्ब्युलन्स म्हणतात. ती नेमकी किती, कोठे आणि कशी असते, हे मोजण्याचे सर्वांत विश्वासार्ह साधन लेसर किरणाने मिळवून दिले. या मोजमापाची ही ओळख.

एका संचाचे पाणी

एकलहरे येथील प्रत्येकी १४० मेगावॉटचे पहिले दोन संच १९७०-७१च्या सुमारास सुरू झाले. ते पुढे कायमचे बंद करण्यात आले. १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले. २००५ साली राज्य विद्युत मंडळाचे विभाजन झाल्यावर केंद्र महानिर्मिती कंपनीकडे आले.

अशा २१० मेगावॉटच्या एका संचाचा ढोबळ हिशेब मांडला तर पाण्याचे महत्त्व ध्यानात येते. संच पूर्ण भाराने चालत असताना टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वाफेचे पुन्हा पाणी करावे लागते. त्यासाठी सुमारे ३०० मेगावॉट इतकी उष्णता काढून घ्यावी लागते. ही उष्णता नेणाऱ्या थंड पाण्याचे तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढू द्यायचे ठरवले, तर तासाला जवळजवळ २५ हजार घनमीटर पाणी कंडेन्सरमधून फिरवावे लागते. मनोऱ्यात थंड होऊन तेच पाणी परत येते, पण ते फिरवण्याचे काम पंपांना रात्रंदिवस करावे लागते.

शांत प्रवाह आणि क्षुब्ध प्रवाह

नळातून पाणी दोन प्रकारे वाहते. पहिल्या प्रकारात पाण्याचे थर एकमेकांवरून संथपणे सरकतात. याला स्तरीय प्रवाह म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पाणी पुढे जातेच, पण जाता जाता भोवरे, उसळ्या आणि गिरक्या घेत जाते. हा संक्षुब्ध प्रवाह होय. हा भेद पहिल्यांदा नेमकेपणाने दाखवला तो मँचेस्टर येथील अभियांत्रिकीचे प्राध्यापक ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनी, १८८३ साली. काचेच्या नळीत वाहणाऱ्या पाण्यात त्यांनी रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असताना ती धार दोऱ्यासारखी सरळ राहिली. वेग वाढवताच एका टप्प्यावर ती थरथरली, फुटली आणि सारे पाणी रंगून गेले.

कोणता प्रवाह केव्हा होणार, हे सांगणारी संख्या आज रेनल्ड्स अंक म्हणून ओळखली जाते. वेग आणि नळाचा व्यास यांचा गुणाकार करून त्याला द्रवाच्या श्यानतेने, म्हणजे चिकटपणाच्या मापाने भागले की हा अंक मिळतो. साध्या नळात तो दोन-सव्वादोन हजारांच्या पलीकडे गेला की प्रवाह सहसा संक्षुब्ध होतो.

घरातल्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. अर्ध्या इंची, म्हणजे सुमारे १५ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळात ही मर्यादा सेकंदाला १५ सेंटिमीटर वेगाच्या आसपास येते. १५ लिटरची बादली भरायला नऊ मिनिटांहून कमी वेळ लागत असेल, तर त्या नळातील प्रवाह संक्षुब्ध आहे असे खुशाल समजावे. एक मीटर व्यासाच्या मोठ्या नळात तर ही मर्यादा सेकंदाला अवघ्या दोन-सव्वादोन मिलिमीटरवर येते. पाणी पुरवणारा कोणताही मोठा नळ इतका संथ चालवला जात नाही. सेकंदाला दोन मीटर वेगाने पाणी वाहू लागले की रेनल्ड्स अंक वीस लाखांच्या घरात जातो. तात्पर्य, उद्योगातील जवळपास प्रत्येक नळात संक्षोभ असतोच.

शापही, वरदानही

या संक्षोभाची किंमत किती? एक मीटर व्यासाचा, आतून गुळगुळीत असा एक किलोमीटर लांबीचा नळ घ्या आणि त्यातून सेकंदाला दोन मीटर वेगाने पाणी जाऊ द्या. केवळ घर्षणावर मात करण्यासाठी सुमारे ३३ किलोवॉट शक्ती लागते. हाच प्रवाह काही जादूने स्तरीय राहू शकला असता, तर सुमारे १०० वॉटमध्ये, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाच्या खर्चात काम भागले असते. तफावत तीनशे पटींहून अधिक आहे. प्रत्यक्षातील गंजलेल्या, खवले धरलेल्या नळात ती आणखी वाढते.

मात्र संक्षोभ हा निव्वळ शत्रू नव्हे. कंडेन्सरमध्ये इंचभर व्यासाच्या हजारो नळ्या असतात. बाहेरून वाफ त्यांना बिलगते आणि आतून थंड पाणी वाहते. पाणी स्तरीय राहिले तर भिंतीलगतचा थर तापेल आणि मधले पाणी थंडच निघून जाईल. संक्षोभ हे पाणी सतत घुसळत राहतो. त्यामुळे भिंतीकडून पाण्याकडे जाणारी उष्णता स्तरीय प्रवाहाच्या तुलनेत सत्तरेक पट वाढते. संक्षोभ नसता तर कंडेन्सर अवाढव्य करावा लागला असता.

म्हणूनच अभियंत्यापुढील प्रश्न संक्षोभ असावा की नसावा, असा नसतो. तो कोठे किती असावा, हे त्याला ठरवायचे असते आणि त्यासाठी आधी तो मोजावा लागतो.

मोजायचे ते काय?

नळातील सरासरी वेग काढणे कठीण नाही. ठरावीक वेळात किती पाणी आले हे पाहून त्याला नळाच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागले की झाले. संक्षोभ मात्र सरासरीत दडून बसतो. रेनल्ड्स यांनीच १८९५ साली त्याची फोड केली. प्रत्येक बिंदूवरील वेगाचे दोन भाग करायचे, एक स्थिर सरासरी आणि दुसरा तिच्याभोवती क्षणोक्षणी होणारा चढउतार. या चढउताराचे मान म्हणजे संक्षोभाची तीव्रता. नळाच्या मध्यभागी ती सरासरी वेगाच्या तीन-चार टक्के असते, तर भिंतीजवळ दहा टक्क्यांच्या आसपास पोचते.

अडचण आहे ती ‘जवळ’ या शब्दात. वर घेतलेल्या एक मीटर व्यासाच्या नळात संक्षोभाचा सर्वांत तीव्र पट्टा भिंतीपासून अवघ्या ०.२ मिलिमीटर अंतरावर असतो. शिवाय चढउतार सेकंदाला शेकडो-हजारो वेळा होतात. तेव्हा मोजणारे साधन केसाहून फार जाड नको, पापणी लवण्याहून कितीतरी चपळ हवे आणि प्रवाहाला धक्का न लावणारे हवे.

जुन्या साधनांची मर्यादा

फ्रेंच अभियंता आंरी पिटो याने १७३२ साली वाकवलेली नळी नदीत धरून पाण्याचा वेग मोजला. पिटो नळी आजही विमानांपासून चिमण्यांपर्यंत सर्वत्र वापरात आहे, पण ती सरासरी वेग सांगते. झपाट्याने होणारे चढउतार तिला टिपता येत नाहीत.

विसाव्या शतकात तप्त तारेचे साधन आले. यात काही मायक्रॉन जाडीची टंगस्टनची तार विजेने तापवून प्रवाहात धरतात. वेग वाढला की तार अधिक थंड होऊ लागते. तिचे तापमान कायम राखण्यास किती वीज लागते यावरून वेग कळतो. नळातील संक्षोभाविषयीची अभिजात मोजमापे, उदाहरणार्थ अमेरिकेत जॉन लॉफर यांनी १९५४ साली प्रसिद्ध केलेली, याच साधनाने झाली. स्वच्छ हवेत ते आजही उत्तम काम देते. परंतु पाण्यात तारेवर मळ बसतो, बुडबुडे चिकटतात, कचऱ्याने तार तुटते. प्रवाह उलटा फिरला तरी तारेला ते कळत नाही. मुख्य म्हणजे, तार धरणारे दोन काटे प्रवाहात शिरलेलेच असतात आणि जे मोजायचे तेच थोडेसे बिघडवतात.

प्रकाशाच्या पट्ट्या

१९६० साली लेसरचा शोध लागला. चारच वर्षांनी, १९६४ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील ये आणि कमिन्स या संशोधकांनी नळीतून वाहणाऱ्या पाण्यात पॉलिस्टायरीनचे अतिसूक्ष्म कण मिसळले, त्यावर हीलियम-निऑन लेसरचा झोत टाकला आणि कणांवरून विखुरलेल्या प्रकाशातून पाण्याचा वेग काढला. त्यांचा प्रवाह संथ, स्तरीय होता. १९६७पर्यंत हीच पद्धत संक्षुब्ध प्रवाहालाही लावली गेली. यातूनच लेसर डॉप्लर वेगमापन विकसित झाले.

तत्त्व तसे परिचयाचे आहे. शिटी वाजवत जवळ येणाऱ्या आगगाडीचा स्वर उंच भासतो आणि दूर जाताना खालावतो. हा डॉप्लर परिणाम होय. हलत्या कणावरून विखुरणाऱ्या प्रकाशाचा ‘स्वर’ही असाच बदलतो. परंतु पाण्याचा वेग प्रकाशवेगापुढे नगण्य असल्याने हा बदल एक अब्जांशाहूनही कमी असतो. तो थेट मोजणे दुरापास्त होते, म्हणून पुढील युक्ती निघाली.

एकाच लेसरचे दोन झोत करायचे आणि भिंगाच्या साहाय्याने ते नळातील एका बिंदूवर एकमेकांना छेदतील असे सोडायचे. छेदाच्या जागी प्रकाशाच्या लहरी एकमेकींत मिसळून उजेड आणि अंधाराच्या एकाआड एक पट्ट्या तयार होतात. लाल हीलियम-निऑन लेसरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर असते. दोन झोतांमधील कोन दहा अंशांचा ठेवला तर लगतच्या दोन पट्ट्यांतील अंतर ३.६ मायक्रॉन येते. पाण्यातील एखादा सूक्ष्म कण या पट्ट्या ओलांडू लागला की तो उजेडात चमकतो, अंधारात विझतो. खांबांच्या रांगेमागून जाणारा दिवा लुकलुकताना दिसावा तसा हा प्रकार असतो. सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारा कण सेकंदाला सुमारे पावणेतीन लाख लुकलुकांच्या दराने चमकतो. प्रकाशग्राही नलिका हे लुकलुकणे टिपते. पट्ट्यांचे अंतर ठाऊक असल्याने लुकलुकीचा दर मोजला की वेग हाती येतो.

यात तापमानाची वा दाबाची भानगड नाही. पट्ट्यांचे अंतर केवळ तरंगलांबी आणि कोन यांवर ठरते, त्यामुळे साधन पुनःपुन्हा जुळवून घ्यावे लागत नाही. मोजण्याची जागा मिलिमीटरच्या दशांशाएवढी अरुंद करता येते आणि प्रवाहात प्रकाशाखेरीज काहीही शिरत नाही.

खाचाखोचा

ही पद्धत दोषमुक्त आहे असे मात्र नाही. पहिला प्रश्न दिशेचा. कण पुढे गेला काय किंवा मागे आला काय, लुकलुक सारखीच. यावर उपाय म्हणून एका झोताची कंप्रता मुद्दाम किंचित बदलतात, बहुधा ४० मेगाहर्ट्झने. मग पट्ट्या स्वतःच सरकू लागतात. समोरून येणारा कण त्या अधिक वेगाने ओलांडतो, पाठीमागून जाणारा कमी वेगाने आणि दिशा कळते.

दुसरा प्रश्न कणांचा. साधन मोजते ते कणांचा वेग, पाण्याचा नव्हे. कण जड असला तर तो पाण्याची प्रत्येक गिरकी घेणार नाही. म्हणून काही मायक्रॉन आकाराचे, पाण्याइतक्याच घनतेचे कण निवडावे लागतात.

तिसरा प्रश्न सांख्यिकीचा आहे आणि तो अधिक फसवा आहे. पाणी वेगाने वाहत असते त्या क्षणी मोजणीच्या जागेतून जास्त कण जातात, मंद असते तेव्हा कमी. सर्व नोंदींची सरळ सरासरी काढली तर उत्तर वास्तवापेक्षा जास्त येते. वेगवान कणांना जणू मतदानाचा जादा हक्क मिळतो. मॅकलॉक्लिन आणि टीडरमन यांनी १९७३ साली हा दोष दाखवून दिला. आता प्रत्येक कण मोजणीच्या जागेत किती वेळ राहिला, त्या प्रमाणात त्याच्या नोंदीला वजन देऊन ही चूक सुधारतात.

चौथी अडचण गोल नळाची. काचेची गोल नळी भिंगासारखी वागते आणि झोत वाकवते. झोत ठरल्या जागी छेदतच नाहीत. उपाय साधा आहे. गोल नळीभोवती सपाट बाजूंची चौकोनी पेटी बसवायची आणि तीत तोच द्रव भरायचा. प्रकाश सपाट काचेतून आत जातो आणि त्याचे वाकणे बरेच कमी होते.

माटुंग्यातील प्रयोग

महाराष्ट्रात या तंत्राचा पद्धतशीर वापर झाला तो मुंबईत माटुंग्याला. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे जुन्या पिढीची यूडीसीटी आणि आजची रसायन तंत्रज्ञान संस्था, १९३३ साली स्थापन झाला. सातारा जिल्ह्यातील मसूर येथे १९४९ साली जन्मलेले प्रा. ज्येष्ठराज जोशी तेथेच शिकले, तेथेच प्राध्यापक झाले आणि १९९९ ते २००९ या काळात तिचे संचालक होते. २०१४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. रासायनिक कारखान्यांतील ढवळण्याची पात्रे, बुडबुड्यांचे स्तंभ आणि नळ यांतील प्रवाह हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय.

विवेक रानडे आणि जोशी यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तिरप्या पात्यांच्या ढवळणीने निर्माण होणारा प्रवाह लेसर डॉप्लर साधनाने बिंदूबिंदूवर मोजला. तोवर कारखान्यातील ढवळणी निवडणे हा बराचसा अनुभवाचा आणि अंदाजाचा मामला होता. वेग आणि संक्षोभ यांचे नकाशे हाती आल्यावर कोणते पाते किती विजेत किती मिसळण करते, याचा हिशेब मांडता येऊ लागला. पुढे २००० साली जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्याने नळातील संक्षुब्ध प्रवाहात उष्णता कशी वाहते, हे संगणकाने वर्तवणारी निरनिराळी गणिती प्रारूपे तपासली. कंडेन्सरच्या नळीत जे घडते, त्याच प्रश्नाचा हा अभ्यास.

येथे मोजमापाचे खरे मोल दिसते. संगणक कोणत्याही नळातील प्रवाहाचे रंगीत चित्र काढून देतो. ते खरे की खोटे, हे ठरवायला प्रत्यक्ष मोजलेला आकडाच लागतो.

एका बिंदूपासून संपूर्ण छेदापर्यंत

लेसर डॉप्लर साधन एका वेळी एकाच बिंदूकडे पाहते. १९८०च्या दशकात पुढची पायरी गाठली गेली. लेसर झोत पसरवून प्रकाशाचा पातळ पडदा करायचा, त्यात अत्यल्प अंतराने दोनदा प्रकाश चमकवायचा आणि दोन्ही वेळा छायाचित्र घ्यायचे. दोन चित्रांत कणांचे पुंजके किती सरकले हे संगणक ताडून पाहतो आणि संपूर्ण पडद्यावरचे वेग एकदम मिळतात. याला कणप्रतिमा वेगमापन म्हणतात.

या साधनाने काही जुन्या कोड्यांची उकल झाली. २००४ साली युरोपातील संशोधकांनी नळाच्या छेदात क्षणभर टिकणाऱ्या, ठरावीक आकाराच्या लहरी टिपल्या. संक्षोभ म्हणजे निव्वळ गोंधळ नव्हे, त्याला अंतर्गत रचना आहे, याचा तो पुरावा होता. रेनल्ड्स यांना पडलेला प्रश्न, संक्षोभ नेमक्या कोणत्या अंकापासून टिकून राहतो, याचे उत्तर २०११ साली मिळाले: सुमारे २०४०. २०१८ साली ऑस्ट्रियातील प्रयोगशाळेत नळीतील वेगाची वाटणी बदलून पूर्ण संक्षुब्ध प्रवाह पुन्हा स्तरीय करून दाखवण्यात आला. घर्षण ९० टक्क्यांपर्यंत उतरले. हे प्रयोग लहान नळ्यांतले आणि मध्यम वेगाचे आहेत. मोठ्या नळांत तसे करणे अजून दूरची गोष्ट आहे.

कारखान्याला खिडकी नसते

मग वीज केंद्रातल्या नळांवर लेसर का लावत नाहीत? पोलादी नळाला खिडकी नसते, हे पहिले कारण. गढूळ पाण्यात झोत काही अंतर गेल्यावर विरून जातो, हे दुसरे. कोळशाच्या पुडीबाबत तर प्रश्न अधिक बिकट. गिरणीतून निघालेली पूड हवेच्या झोतासोबत बर्नरकडे जाते. बहुतांश पूड ७५ मायक्रॉनहून बारीक असते. नळाच्या वळणावर ती एका बाजूला लोटली जाऊन दोरासारखी सलग धार होते. एका बर्नरला जास्त, दुसऱ्याला कमी कोळसा मिळतो. ज्वलन बिघडते आणि भारतीय कोळशातील राख वळणाची भिंत खरवडत राहते. या दाट काळ्या झोतात लेसर शिरत नाही. तेथे मोठ्या भोकांची पिटो नळी आणि नमुने घेण्याच्या नळ्याच कामी येतात.

लेसर राहतो प्रयोगशाळेत. ज्ञान मात्र बाहेर येते. नाशिकची मेरी ही संस्था किंवा खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र धरणांच्या लहान प्रतिकृती बांधून मोठ्या धरणांविषयी निष्कर्ष काढतात. नळांबाबतही तोच न्याय लागतो. रेनल्ड्स अंक जुळला की काचेच्या लहान नळीतील प्रवाह पोलादी नळातील प्रवाहाशी समान ठरतो. तो पूर्ण जुळवणे शक्य नसेल, तर काचेतील मोजमापांवर पारखलेले गणित पुढचा पल्ला गाठते.

याचे एक साधे फलित प्रत्येक कारखान्यात दिसते. प्रवाहमापक वळणाला लागूनच बसवला तर तो चुकीचा आकडा दाखवतो, कारण वळणानंतर पाणी बराच वेळ पिळलेले राहते. म्हणून मापकाच्या आधी, परिस्थितीनुसार, व्यासाच्या दहा ते चाळीस पट लांबीचा सरळ नळ ठेवण्याचा दंडक आहे. पाणी किती वाहिले हाच आकडा चुकला तर पंपाची कार्यक्षमता, कंडेन्सरची स्थिती आणि कोळशाचा हिशेब, सारेच चुकत जाते. त्या चुकीचे पैसे अखेरीस वीजग्राहकाच्या बिलातूनच वसूल होतात. नळातील खळबळ थांबवता येत नसली तरी तिचा हिशेब ठेवता येतो, आणि तो ठेवण्याची सोय लेसरने करून दिली आहे.